गायबन डॅमंट

कॅप्टन गायबन चेस्नी कॅस्टेल डॅमंट (१८८१–१९६३) हे ब्रिटिश नौदलातील अधिकारी, पाणबुडे आणि शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक होते. खोल समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांना होणारा विसंपीडन विकार टाळण्याची शास्त्रीय पद्धत जॉन स्कॉट हॉल्डेन व आर्थर एडविन बॉयकॉट यांच्यासह त्यांनी विकसित केली. पहिल्या महायुद्धात आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ बुडालेल्या एचएमएस लॉरेंटिक या जहाजातून ३,२११ पैकी ३,१८६ सोन्याच्या लगडी बाहेर काढण्याची मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली पार पडली. १९१७ ते १९२४ या काळात चाललेल्या या मोहिमेत पाच हजारांहून अधिक वेळा पाणबुडे समुद्रतळाशी उतरले, तरी एकाही पाणबुड्याचा मृत्यू झाला नाही. बुडालेल्या जहाजांतील माल वर काढण्याच्या इतिहासात ही मोहीम आदर्श मानली जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांब्याचे शिरस्त्राण, रबरी अस्तराचा पोशाख, शिशाचे तळवे असलेले बूट आणि वरच्या होडीतील हातपंपाने नळीवाटे पुरवली जाणारी हवा, एवढ्या साधनांवर पाणबुड्यांचे काम चाले. हा पोशाख घालून उथळ बंदरात काम करणे फारसे कठीण नव्हते. मात्र तीस-पस्तीस मीटरांपेक्षा खोल गेल्यावर दोन अडचणी उभ्या राहत. पहिली म्हणजे, तळाशी पोहोचलेल्या पाणबुड्याला धाप लागे, डोके जड होई आणि थोड्याशा श्रमाने तो गळून जाई. दुसरी अडचण अधिक भयंकर होती. वर आल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासांत त्याच्या सांध्यांत असह्य वेदना सुरू होत, कधी कमरेखालचा भाग लुळा पडे, तर कधी मृत्यू ओढवे. पुलांच्या पायासाठी संपीडित हवेच्या कोठ्यांत काम करणाऱ्या मजुरांनाही हाच विकार होत असे.

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये या विकाराचे कारण दाखवून दिले होते. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात व ऊतींत विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर व्हावे त्याप्रमाणे हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने शरीरातच मोकळा होतो. कारण समजले, तरी किती खोलीवरून किती वेळात वर यावे, याचे खात्रीशीर उत्तर कोणाजवळ नव्हते. सावकाश व एकसारख्या गतीने वर यावे, एवढाच त्या काळचा नियम होता, आणि तो पाळूनही माणसे दगावत होती.

नौदलातील आरंभीचा काळ

डॅमंट लहान वयातच नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाले आणि पुढे तोफखान्याचे अधिकारी बनले. पोर्टस्मथ येथील एचएमएस एक्सलंट ही संस्था तोफखान्याच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध होती. नौदलाचे पाणबुडे घडवण्याचे कामही तेथेच चाले. या ठिकाणी डॅमंट यांना पाण्याखालील कामाची गोडी लागली. अधिकाऱ्याने होडीत बसून हुकूम द्यावा आणि खलाशाने तळाशी उतरावे, अशी रीत असताना ते स्वतः पोशाख चढवून उतरत. पाणबुड्याच्या शरीरावर व मनावर खोलीचा काय परिणाम होतो, याचे त्यांचे ज्ञान त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवातून आलेले होते. पुढे शास्त्रज्ञांबरोबर काम करताना हा अनुभव मोलाचा ठरला.

हॉल्डेन यांच्यासह संशोधन

खोल पाण्यातील कामाचा अभ्यास करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने १९०५ मध्ये एक समिती नेमली. खाणी, भुयारे व गटारे यांतील हवेवर संशोधन केलेले ऑक्सफर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. लेफ्टनंट डॅमंट आणि गनर अँड्र्यू कॅटो हे दोघे तिच्या कामातील अनुभवी पाणबुडे होते.

पहिल्या अडचणीचा उलगडा तुलनेने लवकर झाला. पाणबुड्याला धाप लागण्याचे कारण त्याच्या शिरस्त्राणात साठणारा कार्बन डायऑक्साइड वायू हे होते. खोली वाढली की हवा दाबली जाऊन तिचे आकारमान कमी होते. त्यामुळे पृष्ठभागावर पुरेसा वाटणारा पुरवठा तळाशी अपुरा पडतो. जुने पंप दाबाखाली गळत असल्याने त्यात भर पडे. खोलीच्या प्रमाणात हवेचा पुरवठा वाढवल्यास पाणबुड्या तळाशीही नेटाने काम करू शकतो, हे समितीने सिद्ध केले.

दुसऱ्या अडचणीसाठी लंडनमधील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी दाबकोठीत प्रयोग करण्यात आले. प्रयोगासाठी बकऱ्या निवडल्या होत्या. उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांत वायूची देवाणघेवाण फार जलद होत असल्याने त्यांचे निष्कर्ष माणसाला लागू करता येत नसत. बकरीचे शरीर मोठे असते, आणि सांधा दुखू लागला की ती पुढचा पाय उचलून धरते, त्यामुळे विकाराची सुरुवात ओळखणे सोपे जाई. डॅमंट यांनी बॉयकॉट यांच्याबरोबर या प्रयोगांत भाग घेतला. शरीरातील चरबीत नायट्रोजन अधिक प्रमाणात साठत असल्याने लठ्ठ प्राण्यांना या विकाराचा धोका जास्त असतो, हेही या दोघांनी स्वतंत्र शोधनिबंधात दाखवले.

प्रयोगांतून निघालेला मुख्य निष्कर्ष असा होता: शरीरावरचा एकूण दाब एकदम निम्म्यावर आणला, तरी सहसा इजा होत नाही; त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत वर आले पाहिजे. उदाहरणार्थ, चाळीस मीटर खोलीवर हवेच्या भारासह एकूण दाब सुमारे पाच वातावरणे असतो. तेथून पाणबुड्याला अडीच वातावरणांपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा मीटर खोलीपर्यंत, लवकर आणता येते. पुढे ठरावीक अंतरांवर त्याने ठरावीक मिनिटे थांबावे, आणि पृष्ठभाग जवळ येईल तसा थांबण्याचा काळ वाढवावा. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने वायू शोषतात व सोडतात, हे गृहीत धरून हॉल्डेन यांनी त्यासाठी कोष्टके तयार केली.

कोठीतील निष्कर्षांची समुद्रात परीक्षा घेणे आवश्यक होते. ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रोथसेजवळ एचएमएस स्पँकर या जहाजावरून चाचण्या झाल्या. डॅमंट व कॅटो यांनी पायरीपायरीने खोली वाढवत नेली आणि अखेर २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोली गाठली. पोशाखातील पाणबुड्यांसाठी हा त्या काळचा जागतिक विक्रम होता. दोघेही नव्या पद्धतीने वर आले आणि त्यांना कोणतीही इजा झाली नाही. कोष्टकात चूक असती, तर तिची किंमत सर्वप्रथम या दोघांना मोजावी लागली असती. या चाचण्यांच्या वेळी हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही मोठ्या माणसाच्या सैल पोशाखात पाण्यात उतरला होता. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने विख्यात जनुकशास्त्रज्ञ झाला; त्याने उत्तरायुष्यात भारतात स्थायिक होऊन येथील नागरिकत्व स्वीकारले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्याचे निधन झाले.

समितीच्या कोष्टकांचा ब्रिटिश नौदलाने स्वीकार केला. बॉयकॉट, डॅमंट व हॉल्डेन यांचा या विषयावरील प्रदीर्घ शोधनिबंध १९०८ मध्ये 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाण्याखालील वैद्यकशास्त्राचा तो पायाभूत ग्रंथ समजला जातो.

लॉरेंटिकचे बुडणे

लॉरेंटिक हे बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत बांधलेले, व्हाइट स्टार कंपनीचे सुमारे १४,९०० टनांचे प्रवासी जहाज होते. युद्धकाळात त्यावर तोफा चढवून ते नौदलाच्या सेवेत घेण्यात आले. जानेवारी १९१७ मध्ये ते कॅनडातील हॅलिफॅक्सकडे निघाले, तेव्हा त्यात ३,२११ सोन्याच्या लगडी होत्या. त्यांचे वजन सुमारे ४३ टन आणि तेव्हाचे मूल्य सुमारे ५० लाख पौंड होते. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती आणि तेथून येणाऱ्या युद्धसाहित्याचे पैसे ब्रिटनला चुकवायचे होते. त्यामुळे हे सोने म्हणजे युद्ध चालू ठेवण्याचे साधन होते, आणि त्याच कारणाने ते गुप्त ठेवण्यात आले होते.

२५ जानेवारी १९१७ रोजी आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातील लॉक स्विली या खाडीतून बाहेर पडताच जहाजाला जर्मन यू-८० या यू-बोटीने पेरलेले दोन सुरुंग लागले. तासाभरात ते बुडाले. जहाजावरील ४७५ जणांपैकी ३५४ जण मरण पावले. होड्यांत पोहोचलेल्यांपैकीही अनेकजण कडाक्याच्या थंडीने गारठून दगावले. सापडलेल्या मृतदेहांपैकी अनेकांना जवळच्या फाहन येथील दफनभूमीत एकत्र पुरण्यात आले.

सोन्याचा शोध: १९१७

सोने बाहेर काढण्याची जबाबदारी डॅमंट यांच्यावर सोपवण्यात आली. जहाज सुमारे ४० मीटर खोलीवर डाव्या कुशीवर कलंडलेले होते. खाडीचे तोंड उत्तर अटलांटिकला उघडे असल्याने वादळी लाटा थेट तेथे आदळत. सोन्याच्या पेट्या दुसऱ्या वर्गाच्या सामानखोलीत होत्या. प्रत्येक पेटी सुमारे ६४ किलो वजनाची होती.

पाणबुड्यांनी जहाजाच्या कुशीतील दरवाजा स्फोटकाने उडवला, आतील लोखंडी फाटक काढले आणि तिरक्या झालेल्या बोळातून सामानखोली गाठली. ई. सी. मिलर या पाणबुड्याने छिन्नी-हातोड्याने तिचे दार फोडले व पहिली पेटी बाहेर काढली. पाठोपाठ आणखी तीन पेट्या वर आल्या. काम काही आठवड्यांत उरकेल, असे वाटत असतानाच उत्तरेकडून मोठे वादळ आले. ते शमल्यावर पाणबुडे उतरले, तेव्हा पृष्ठभागाखाली ६२ फुटांवर असलेला दरवाजा १०३ फुटांवर गेलेला आढळला. जहाज आतून दुमडत होते आणि बोळाची उंची जेमतेम हातभर उरली होती. पुन्हा स्फोटकांनी वाट मोकळी करून सामानखोली गाठली, तर ती रिकामी निघाली. तळ फाटून सोने खाली, मोडलेल्या लोखंडाच्या ढिगात घसरले होते.

डॅमंट यांनी मग वरून खाली जहाज कापत जाण्याचा मार्ग स्वीकारला. स्फोटकाने पत्रा सुटा करायचा, तारदोराला बांधून तो वर ओढायचा आणि खालच्या थराकडे वळायचे, असा क्रम होता. हे काम धोक्याचे होते. एकदा वर उचलून धरलेला पत्रा सुटून खाली काम करणाऱ्या ब्लॅचफर्ड या पाणबुड्याच्या अंगावर पडला. दुसऱ्या पाणबुड्याने तत्काळ उतरून त्याला सोडवले आणि तो सुखरूप वर आला. त्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत ५४२ लगडी हाती आल्या आणि काम थांबवण्यात आले.

यू-बोटींमधील गुप्त काम

लॉरेंटिकचे काम थांबल्यावर डॅमंट व त्यांच्या पाणबुड्यांना नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने दुसऱ्या कामगिरीवर नेमले. ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जर्मन यू-बोटींत शिरून सांकेतिक लिपीची पुस्तके, सुरुंगक्षेत्रांचे नकाशे व अन्य कागदपत्रे मिळवायची होती. शत्रूला याचा सुगावा लागला, तर तो संकेत बदलून टाकील, म्हणून संपूर्ण गुप्तता राखण्यात आली.

या कामातील धोके वेगळे होते. यू-बोटीचे झाकण पोशाखातील माणसाला जेमतेम सामावेल एवढेच असे. आत न फुटलेले सुरुंग व टॉर्पेडो असत, वाट अंधारी असे आणि मृत खलाशांचे देह तेथेच तरंगत असत. डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढा इतका जोरदार असे की, पाणी स्थिर राहणाऱ्या थोड्याशा अवधीतच उतरता येई. १९१८ मध्ये या सामुद्रधुनीत बुडालेल्या यूबी-३३ मधून मिलर यांनी मौल्यवान कागदपत्रे मिळवली. हे काम अनेक वर्षे जाहीर न झाल्याने डॅमंट यांच्या कार्याचा हा भाग दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिला.

सोन्याचा शोध: १९१९ ते १९२४

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये लॉरेंटिकवरील काम पुन्हा सुरू झाले. यावेळी रेसर हे सुसज्ज जहाज उपलब्ध होते. विसंपीडन विकार झालेल्या पाणबुड्याला पुन्हा दाबाखाली ठेवून बरे करण्यासाठी त्यावर दाबकोठीची सोय होती. वसंतापासून शरदापर्यंतच काम करता येई. वर्षानुसार मिळालेल्या लगडींची संख्या पुढीलप्रमाणे आहे:

१९१७ – ५४२
१९१९ – ३१५
१९२० – ७
१९२१ – ४३
१९२२ – ८९५
१९२३ – १,२५५
१९२४ – १२९
एकूण – ३,१८६

१९२० व १९२१ ही वर्षे मोहिमेची कसोटी पाहणारी होती. हिवाळी वादळांनी जहाजाचे वरचे भाग कोसळून सोन्याच्या जागेवर पडले आणि त्यांच्या फटींत वाळू व दगडगोटे भरून ते घट्ट बसले. वाळू उपसण्यासाठी पंप व यांत्रिक पंजे वापरून पाहिले, पण ते लोखंडात अडकत. शेवटी माणसाच्या हातांखेरीज उपाय उरला नाही. पाण्याच्या फवाऱ्याने वाळू सैल करून पाणबुडे ती पोत्यांत भरत. प्रत्येकाला तळाशी सुमारे अर्धा तास मिळे. वर येण्यासही तेवढाच वेळ लागे. डॅमंट प्रत्येक पाणबुड्याने भरलेली पोती वर आणवून त्यांची मोजदाद ठेवत. त्यातून पाणबुड्यांत चढाओढ निर्माण झाली आणि एकट्याने, अंधारात करावयाच्या कंटाळवाण्या श्रमाला गती आली. वाळूतील लगड डोळ्यांना दिसत नसे. बोटांना लागणाऱ्या स्पर्शाने ती ओळखावी लागे.

दोन वर्षांत जेमतेम पन्नास लगडी मिळाल्या असताना सरकारने मोहीम गुंडाळली असती, तर ते आश्चर्याचे नव्हते. मात्र सोने कोणत्या दिशेने घसरले असावे, याबद्दलचा डॅमंट यांचा अंदाज ठाम होता आणि नौदलानेही त्यांच्यावर विश्वास ठेवला. १९२२ च्या वसंतात हिवाळी प्रवाहांनीच बरीच वाळू धुऊन नेल्याचे आढळले आणि लगडी उघड्यावर दिसू लागल्या. त्या व पुढील वर्षी मिळून दोन हजारांहून अधिक लगडी वर आल्या. १९२४ मध्ये जहाजाच्या तळाचे पत्रे कापून त्यांतील भोकांतून खाली गेलेल्या लगडींचा शोध घेण्यात आला. २५ लगडी उरल्या असताना, पुढील खर्चाच्या मानाने लाभ नाही, असे ठरवून काम थांबवण्यात आले.

याच काळात आयर्लंडमध्ये स्वातंत्र्ययुद्ध झाले आणि १९२२ मध्ये आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले. लॉक स्विली हे बंदर करारानुसार १९३८ पर्यंत ब्रिटिश नौदलाकडेच राहिल्याने मोहिमेत खंड पडला नाही.

एकूण सोन्यापैकी ९९ टक्क्यांहून अधिक सोने परत मिळाले आणि त्यासाठीचा खर्च मिळालेल्या मूल्याच्या दोन-तीन टक्क्यांइतकाच झाला. पाणबुड्यांना मिळालेल्या दर शंभर पौंडांच्या सोन्यामागे अर्धा क्राऊन, म्हणजे सुमारे आठव्या हिश्शाइतका टक्का बक्षीस देण्यात आला. डॅमंट यांना कॅप्टन हा हुद्दा व सीबीई हा सन्मान मिळाला.

इतर संशोधन व उत्तरायुष्य

डॅमंट यांनी लॉरेंटिकवरील अनुभव व विसंपीडन विकाराचे निरीक्षण १९२६ मध्ये 'जर्नल ऑफ हायजीन' मधील लेखात मांडले. १९०६ च्या चाचण्या मोजक्या दिवसांच्या होत्या. लॉरेंटिकवर मात्र तीच पद्धत वर्षानुवर्षे, हजारो वेळा वापरली गेली होती. त्यामुळे या लेखाला शास्त्रीय पुराव्याचे महत्त्व प्राप्त झाले. प्राणी पाण्यात आपली तरंगण्याची क्षमता कशी राखतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कोरेथ्रा या डाससदृश कीटकाची अळी हवेच्या पिशव्यांच्या साहाय्याने पाण्यात समतोल कसा साधते, यावर त्यांनी १९२४ मध्ये शोधनिबंध लिहिला. निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य आइल ऑफ वाइट बेटावरील काउस येथे होते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रभाव व मूल्यमापन

हॉल्डेन पद्धतीच्या कोष्टकांवर पुढील अनेक दशके जगभरातील नौदलांची कार्यपद्धती आधारलेली होती. अमेरिकन नौदलाने त्यांची परीक्षा घेऊन १९१५ मध्ये होनोलुलूजवळ सुमारे ९३ मीटर खोलीवर बुडालेली एफ-४ ही पाणबुडी वर काढण्याच्या कामी त्यांचा उपयोग केला. नंतरच्या संशोधनाने मूळ कोष्टकांत बदल झाले; निम्म्या दाबाचा नियम फार खोलीवर अपुरा पडतो, हेही दिसून आले. तथापि, टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे तत्त्व आजही कायम आहे.

लॉरेंटिक मोहिमेचे वैशिष्ट्य समकालीन मोहिमांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. लंडनहून मुंबईला निघालेले इजिप्त हे जहाज मे १९२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाले. त्यातही दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. सुमारे १३० मीटर खोलीवरील हे सोने आर्टिल्यो जहाजावरील इटालियन पाणबुड्यांनी नव्या निरीक्षण-कोठीच्या साहाय्याने शोधले. मात्र डिसेंबर १९३० मध्ये जवळच्या एका दारूगोळ्याच्या जहाजाचे अवशेष उडवताना झालेल्या स्फोटात आर्टिल्यो नष्ट झाले आणि त्यावरील प्रमुख पाणबुडे मृत्युमुखी पडले. इजिप्तचे सोने दुसऱ्या जहाजावरून १९३२ मध्ये वर आले. त्या तुलनेत, युद्धकाळात सुरू झालेली व स्फोटकांचा सतत वापर करणारी लॉरेंटिक मोहीम एकही पाणबुड्या न गमावता पूर्ण झाली, याचे श्रेय डॅमंट यांच्या शिस्तीला व कोष्टके काटेकोरपणे पाळण्याच्या आग्रहाला दिले जाते.

डॅमंट यांच्या जीवनावर जोसेफ ए. विल्यम्स यांनी लिहिलेले 'द संकन गोल्ड' हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.